विसाव्यापाशी पाण्याचं टेबल

टी-शर्टांचा खोका उघडला आणि पहिला वर आला तो आबा. गोल चौकटीत, फेटा बांधलेला, कपाळाला आठ्या. फोटो गौतमीच्या मुलाच्या लग्नातला होता, आणि त्या दिवशी पंगत उशिरा बसली म्हणून आबा सगळ्या जगावर डाफरत होता. आता तोच फोटो दीडशे छात्यांवर जाणार होता. खाली निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कोंडिबा आबांसाठी सात किलोमीटर'.

"एवढा रागीट फोटो कशाला घेतलास गं?" गौतमीनं विचारलं.

"आत्या, बाकी सगळ्यांत त्यांचे डोळे मिटलेत," आरोही म्हणाली.

मेलेल्या माणसाला टी-शर्टावर काढावं का, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नव्हता. पडला असता तर आईला, म्हणजे आबाच्या बायकोला, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

हे चालायचं खूळ आरोहीचं, म्हणजे आबाचा धाकटा कैलास, त्याच्या मुलीचं. बावीस वर्षांची पोर, हिंजवडीला कंपनीत. आबा शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिसला जायचा. धरणाकडच्या आडवळणाच्या वाड्यांत असे आणखी कितीतरी होते, आणि त्यांना न्यायला घरची गाडी नव्हती. त्यांच्यासाठी एक गाडी घ्यायची. आपण चालायचं, आणि आपल्या ओळखीच्यांनी आपल्या चालण्यापायी वर्गणी द्यायची. हे गावाच्या डोक्यात उतरायला महिना गेला. "चालायचं आपुन आन् पैसं दुसऱ्यानं द्यायचं? मंग आपलं काय गेलं?" असं विश्रामनानांनी चारचौघांत विचारलं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, गावातल्या प्रत्येक मयताची तिरडी बांधणारा. त्याला उत्तर देताना आरोहीची फे फे उडाली होती.

तिथीनं वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात उरकलं होतं. दोघा भावांनी दोन घरी घातलं. कावळ्यांची चंगळ झाली, बाकी कुणाचं भलं झालं नाही. तारखेनं वर्ष उद्या, रविवारी भरत होतं.

"उद्याच्याला म्होरं जयसिंग चालंल," आई शेंगेतून मान वर न करता म्हणाली.

कैलास खोक्यातले टी-शर्ट मापाप्रमाणे लावत होता. त्याचा हात थांबला.

"कोण?"

"बहिरा झालास व्हय? बापाच्या म्होरं थोरला चालतो. गेल्या साली न्हाई चालू दिलास. औंदा चालंल."

"तो आला तर मी न्हाई."

"मंग नगं येऊ."

गौतमी दोघांकडे बघत राहिली. मधली बहीण. उरवड्याला दिलेली. वर्षभर ती कैलासच्या बाजूची होती. तिनं थोरल्याला राखी बांधली नव्हती, भाऊबीजेला त्याच्या दारावरून सरळ निघून गेली होती. आणि तिला वाटत होतं आई पण आपल्याच बाजूची आहे. आई काही बोलत नव्हती ना, मग काय वाटणार?

"आई, अगं तू पण काय," ती म्हणाली. "गावाच्या डोळ्यासमोर. लोक काय म्हणतील?"

"लोकांला काय धाड भरलीया म्हनायला?"

कैलास उठला. रागावला की तो बोलताना चालायचा. लहानपणापासूनची खोड, आबाची.

"अक्का, तूच सांग हिला. तू व्हतीस तितं. बापाची तिरडी विसाव्याला न्हेली आन् विसावाच न्हाई. भिंत. आठ फुटी. टेकवायला वीतभर जागा न्हवती. डांबरावर उभं ऱ्हाऊन खांदं बदललं आमी, मागनं डंपर हॉर्न मारत व्हता. विश्रामनानांनी जल्मात कुनाला तसं न्हेलं न्हवतं. त्यांच्या डोळ्याला पानी आलं. आन् त्यो विकनारा ह्योच. जमिनीची एजंटगिरी करता करता बापाला रजिस्टर हापिसात न्हेऊन सही घेतली. शेवटी सवताच्या बापाला टेकू दिलं न्हाई."

हे सगळं गावाला पाठ होतं. गावाच्या वाटेवर, नदीकडे जाताना निम्म्यावर, जांभळाच्या सावलीत एक काळा सपाट दगड होता. तिरडी त्याच्यावर टेकवायची, पुढचे खांदेकरी मागं, मागचे पुढं, बायकांनी तिथून माघारी फिरायचं. दगड सगळ्यांचा म्हणून कुणी कधी कागद बघितला नव्हता. कागदावर तो कोंडिबाच्या गटात निघाला, आणि त्याची जागा बंगल्यांच्या स्कीमवाल्याकडे गेली. आबा गेला तेव्हा भिंतीला जेमतेम महिना झाला होता. त्या भिंतीशीच कैलासनं थोरल्याच्या हातातलं मडकं हिसकावून घेतलं. बापाला थोरला अग्नी देतो, हे शेंबडं पोर पण सांगेल. दिला धाकट्यानं. थोरला सगळ्यांच्या मागून चालत नदीवर गेला.

"मला ठावं हाय काय झालं त्ये," आई म्हणाली. "तू जा गं गौतमे. सांग त्याला आईनं बलिवलंय म्हनून."

कैलास पायऱ्या उतरून गेला. होमस्टेच्या फाटकात पाहुण्यांची गाडी आली होती, लवासा बघून परतलेली, आत बसलेली माणसं उन्हानं आंबलेली. कैलासच्या तोंडावर लगेच हसू आलं. धंद्याचं हसू.

"रस्ता एकदम मस्त आहे तुमचा," पाहुणा म्हणाला.

"वीस फुटी आहे साहेब," कैलास म्हणाला. "आबांची पुण्याई."

हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. आधी इथं बैलगाडीची वाट होती. रस्ता नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून होमस्टे नाही, अशी चार वर्षं त्यानं हेलपाटे घालण्यात काढली. मग शेजारच्या स्कीमवाल्यानं एक दिवस आपल्या हद्दीतून रस्ता सोडला. आबांच्या शब्दाला मान दिला, एवढंच कैलासला ठाऊक होतं. त्यानं कधी खोदून विचारलं नाही. मिळालेल्या गोष्टीचं मूळ कोण विचारतं?

*

जयसिंग जीप धूत होता. गावठाणातलं त्याचं घर, पुढं तीन खोल्या उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. एका खोलीतून हिंदी गाणं चाललं होतं. गौतमी आली तशी त्यानं बादली बाजूला सारली आणि हात पुसत उभा राहिला. बस म्हणावं की नाही, हे त्याला कळेना. वर्षानं बहीण दारात आली होती.

"उभी का? आत ये."

"आत न्हाई येत. आईचा निरोप हाय. उद्या तू म्होरं चालायचंस म्हनती."

"कैलास काय म्हनतोय?"

"त्यो काय म्हननार?"

जयसिंगनं फडकं पिळलं. "मी मागं चालंन. येनार हाय, आरोहीला सांग. पोरीनं लई राबून केलंय. पन मागं."

"मागं का? चोरावानी?"

"चोर मागंच चालत्यात," तो म्हणाला आणि हसायला गेला. गौतमीला हसू आलं नाही.

तिची नजर जीपच्या पुढच्या सीटवर गेली. सीटवर अजून तो निळा टॉवेल होता. डायलिसिसहून येताना आबाला थंडी वाजायची, हातावर सुया टोचलेल्या जागी दुखायचं, तो टॉवेल गुंडाळून बसायचा. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, पहाटे निघून दुपारी परत. कैलासला होमस्टे होता. गौतमीला संसार होता. नेलं यानं. आणि सही पण यानंच घेतली. एकाच माणसाची ही दोन तोंडं तिला वर्षभर जुळवता आली नव्हती.

"दादा, एकदा खरं सांग. मला एकटीला. कुनाला न्हाई बोलनार. का इकलास?"

जयसिंग टॉवेलाकडे बघत होता.

आबानं ज्या दिवशी भिंत पहिल्यांदा बघितली, त्या दिवशी तो त्याच सीटवर होता. दुपारची वेळ. जीप थांबव म्हणाला. उतरायची ताकद नव्हती, म्हणून काच खाली करून बघत बसला. जांभूळ बाहेर राहिलं होतं, दगड आत गेला होता.

"कोनाडा ठिवतो म्हनला व्हता," आबा म्हणाला. "दगूड बाहीर ठिवतो, भिंतीला कोनाडा करतो. शब्द दिला व्हता त्यानं."

"कागदावर घेतलं व्हतं का आबा?"

"इसाव्याचं कागदावर घेत्यात व्हय रं?"

घेत नाहीत. म्हणूनच तर गेलं. तेव्हा जयसिंगला पहिल्यांदा सगळं समजलं. रजिस्टर ऑफिसला आबा-आईला त्यानंच नेलं होतं, पण तो बाहेर जीपमध्ये बसला होता. कैलासच्या रस्त्याचं काम आहे, एवढंच आबा बोलला होता. स्कीमवाल्याला वाटेकडची पट्टी हवी होती, आबाला धाकट्यासाठी रस्ता. अदलाबदल. सातबाऱ्यावर नावं दोनच, आबाचं आणि आईचं. पैसा एक नाही, फक्त रस्ता.

"गावाला कळलं तर मला चार खांदं मिळायचं न्हाईत," आबा म्हणाला होता. "आन् कैलासला कळलं तर त्यो रस्ता उकरंल. डोकं फिरल्यालं हाय त्याचं. पुन्हा रस्त्यावर यील पोरगं. तुजं काय, जयसिंगा? तुला तशीबी समदी नावं ठिवत्यातच."

आणि जयसिंगचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. ओढणारा हात सुयांनी सुजलेला, गरम होता.

बाप असं मागतो का पोराकडं? मागतो. धाकट्याचं डोकं फिरलेलं असलं, की थोरल्याकडूनच मागतो. जयसिंगला त्या वेळी राग आला नव्हता. राग नंतर आला, भिंतीशी, मडकं हातातून गेलं तेव्हा. पण तेव्हा ज्याच्यावर रागवायचं तो तिरडीवर होता.

"बोल की," गौतमी म्हणाली.

"उद्या आईजवळ चाल," जयसिंग म्हणाला. "उन्हात तिला चालवत न्हाई. छत्री घे."

गौतमीनं त्याचं न बोलणं हेच उत्तर धरलं आणि आली तशी निघाली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तिला वाटलं, परत जावं, निदान चहा तरी घ्यावा. गेली नाही.

*

सकाळी सात वाजता होमस्टेच्या अंगणात सव्वाशे माणसं होती. आरोहीनं दोनदा मोजली आणि तिला रडू यायचं राहिलं. ऑफिसचे तीस-पस्तीस, बाकी सगळं गाव. बायकांनी साडीवर टी-शर्ट चढवले होते, म्हाताऱ्यांनी सदऱ्यावर. विश्रामनानांनी तर टोपी, सदरा, टी-शर्ट आणि वर उपरणं. जिकडं बघावं तिकडं आबा, जेवण उशिरा मिळालेला.

तिच्या ऑफिसच्या पियूषनं वॉर्मअप घेतला. गावानं हात वर केले, खाली केले, आणि हे कशासाठी ते विचारलं नाही. पाव्हण्यांचं मन राखावं लागतं.

वाट आरोहीनं मोबाईलवर आखली होती. होमस्टे, वीस फुटी रस्ता, गाव, मग मोठी वाट थेट नदीपर्यंत. नदीवर मोकळी जागा होती, गाड्या लावायला बरी. आबा गेला तेव्हा ती बेंगळुरूला ट्रेनिंगला होती, येईपर्यंत राख सावडून झाली होती. आणि आधीच्या मयतांना पोरीबाळींना कोण नेतंय? विसावा गेला, भिंत झाली, भांडण झालं, सगळं तिला ऐकून माहीत होतं. पण भिंत अर्धा किलोमीटर लांब. नेमकं कुठं, ते बायकांनी तिला दाखवलं नव्हतं आणि पुरुषांनी सांगितलं नव्हतं.

कैलासनं नकाशा बघितला होता. त्याला सगळं कळलं होतं. त्याला तेच हवं होतं. थोरल्यानं त्या भिंतीवरून पुन्हा एकदा गावाबरोबर जावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आबाची तसबीर आरोहीच्या हातात होती. गावातून बाहेर पडेपर्यंत गप्पा चालल्या होत्या, सेल्फी निघत होत्या. मोठ्या वाटेला लागले आणि आरोहीच्या लक्षात आलं की गाव गप्प झालं आहे. कुणी सांगितलं नव्हतं, पण पुरुष पुढं गेले होते, बायका मागं. विश्रामनाना सगळ्यांच्या आधी, जरा बाजूनं, मान खाली. ऑफिसची पोरं मध्ये सापडली होती आणि त्यांचाही आवाज आपोआप बसला. सगळ्यात मागं, वीसेक पावलं सोडून, तात्या एकटा. आरोही जयसिंगला तात्या म्हणायची.

"इतकं सिरियस का झालं सगळं?" पियूषनं हळूच विचारलं.

"माहीत नाही रे," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

जांभळाखाली तिनं पाण्याचं टेबल लावलं होतं. सगळ्या वाटेवर एवढी एकच दाट सावली. पांढरं कापड, लिंबू सरबताचे पेले, केळी, आणि मागं भिंतीवर चिकटवलेला फलक, 'थोडं थांबा, पाणी प्या'. ऑफिसचा निषाद पेले भरून उभा होता.

गाव आलं आणि थांबलं. पेला कुणी उचलला नाही. बायका तर पंचवीस पावलं अलीकडंच उभ्या राहिल्या.

"घ्या ना काका," निषाद म्हणाला. "ऊन फार आहे."

विश्रामनानांनी टेबलाकडं बघितलं, फलकाकडं बघितलं, मग आरोहीकडं.

"पोरी, हे हितं कुनी मांडलं?"

"मी, नाना. सावली होती म्हणून."

"सावली हाय," नाना म्हणाले. "सावली असनारच. ह्यो इसावा हाय, पोरी. ह्या भिंतीच्या आत दगूड हाय. हितं मढं टेकवत्यात. हितं जित्या मानसानं पानी प्यायचं नसतं."

आरोहीला घराकडून इथवरची वाट एकदम उलगडली. कोण पुढं, कोण मागं, बायका का थांबल्या. तिनं सव्वाशे माणसांना आबाच्या मयताला पुन्हा चालवत आणलं होतं, टी-शर्ट घालून. तिनं तसबीर घट्ट धरली.

"आपण टेबल पुढं घेऊ," पियूष घाईनं म्हणाला. "निषाद, धर रे."

"ऱ्हाऊ दे," कैलास म्हणाला.

तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

"ऱ्हाऊ दे ते टेबल. पोरीची काय चूक? तिला इसावा दिसला न्हाई, कारन इसावा ऱ्हायलाच न्हाई. ज्यानं इकला त्यानं येऊन उचलावं. कुटं हाय त्यो? मागं दडलाय व्हय?"

"कैलास, आज नको," गौतमी म्हणाली. ती आईजवळ छत्री धरून उभी होती.

"आजच. वरीस झालं, मी तोंड शिवून बसलोय." वर्षभर तो गावभर बोलतच होता, पण हे त्याला सांगणार कोण? "म्होरं ये की. बापाच्या फोटूवर हात ठिव आन् सांग, मी सही घेतली न्हाई म्हनून. सांग समद्यांदेखत. मी पाय धरतो तुजं."

माणसं बाजूला झाली. जयसिंग पुढं आला. टी-शर्ट त्यानं पण घातला होता, त्याच्या पोटावर आबा ताणला गेला होता. तो आरोहीसमोर उभा राहिला. तिनं तसबीर उचलून धरली, दुसरं काय करावं तिला सुचलं नाही.

सही घेतली नाही, एवढं तो खरं सांगू शकत होता. हात ठेवायचा आणि सांगायचं. पण मग पुढचा प्रश्न होता, मग कुणी दिली? तेही याच हातानं सांगावं लागलं असतं.

त्यानं हात ठेवलाच नाही.

"मीच इकला," तो म्हणाला. "झालं समाधान?"

गर्दीतून कुणीतरी थुंकलं.

*

आई, गोजराबाई, पंचवीस पावलं अलीकडं होती. ऐकायला येत होतं सगळं, कान शाबूत होते.

गेल्या वर्षी ती इथंच उभी होती आणि इथूनच तिला माघारी फिरवली होती. नवऱ्याची तिरडी कशी नेली, पुढं काय झालं, सगळं दुसऱ्यांच्या तोंडून. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण म्हातारा अजून जळायचा होता. जळू दे, मग बोलू. मग दहावा. दहावा होऊ दे. मग वाटलं, नावाला कशाला काळं फासायचं, जयसिंग सोसतोय ना. थोरला आहे, सोसेल. असं करत करत वर्ष गेलं. आपणच त्याला उन्हात उभा केला आणि आपण सावलीत बसलो, हे तिला आज दिसलं, त्या थुंकीनं दिसलं.

तिनं गौतमीची छत्री बाजूला केली आणि चालायला लागली. विसाव्याच्या पुढं. मागून कुणी बाई म्हणाली, "अवं काकू, बायकांनी न्हाई जायाचं." ती थांबली नाही.

"त्याची सही न्हाई त्या कागदावर," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिथं दुसरा आवाजच नव्हता. "माजा अंगठा हाय. आन् तुमच्या आबाची सही."

"आई," जयसिंग म्हणाला. "गप."

"का गप? वरीसभर गप ऱ्हायले. म्हाताऱ्यानं सवता दिली जागा, समजून उमजून. मला इचारून दिली. मी म्हनलं द्या."

कैलास भिंतीपासून पुढं आला. "कशापायी?"

"रस्त्यापायी."

"कुठल्या?"

"तुला ठावं न्हाई व्हय कुठल्या? रोज त्याच्यावरनं गाडी न्हेतुयास. वीस फुटी."

कैलासचा हात वर झाला आणि खाली आला.

जयसिंग आईच्या अगदी जवळ गेला. त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. तो चिडला होता. "काय मिळवलंस? मला काय झालं व्हतं? मी आबाला शब्द दिला व्हता."

"तू दिला व्हतास," आई म्हणाली. "मी न्हवता दिला."

मग विश्रामनाना हलले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून निषादच्या हातात दिलं, तो बावळटासारखा धरून राहिला. टी-शर्ट डोक्यातून काढला. टोपी पडली, ती झटकून घातली. मग टी-शर्टाची नीट घडी केली, तिरडीवरचं कापड करतात तशी, आणि टेबलावर पेल्यांच्या शेजारी ठेवली. आबाचा चेहरा वर.

"माज्या बापाला ह्याच दगडावर टेकवला व्हता," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "माज्या पोराला सुदीक." आणि उपरणं घेऊन गावाकडं वळले.

मग दुसऱ्यानं काढला, मग तिसऱ्यानं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बायकांनी पदर सावरत काढले आणि पोरांच्या हाती पुढं पाठवले. टेबलावर ढीग झाला, दोन पेले कलंडून सरबत कापडावर पसरलं. आबाला चार खांदे मिळाले होते ते वर्षभरापूर्वी, थोरल्याच्या नावावर. आज गावानं ते परत घेतले. जयसिंग ज्याला भीत होता ते हेच, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत झालं.

ऑफिसची पोरं उरली, आणि घरचे पाच जण.

आईनं टेबलावरचा एक पेला उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"आजी," आरोही रडत म्हणाली, "इथं पीत नाहीत ना."

"तहान लागलीया," आई म्हणाली. "जयसिंगा, घे फोटू. म्होरं हो. नदी कितीक लांब हाय?"

"दोन किलोमीटर."

"मी काय बघितली न्हाई ती वाट. चल दाखीव."

जयसिंगनं तसबीर घेतली. गौतमीनं छत्री उघडली, ती आईवर न धरता थोरल्याच्या डोक्यावर धरली, मग तिलाच ते कसंतरी वाटलं आणि मध्ये धरली. आरोही मागोमाग गेली. ऑफिसची पोरं थोडं अंतर ठेवून निघाली. सात किलोमीटर त्यांनी कबूल केले होते.

"दादा," कैलासनं हाक मारली.

जयसिंग थांबला, पण वळला नाही. मयताच्या वाटेवर मागं वळून बघत नाहीत. मग चालू लागला.

कैलासनं टी-शर्ट गोळा केले. ऐंशीच्या वर असतील. खोका नव्हता, म्हणून दोन्ही हातांवर रचून घेतले, हनुवटीनं वरचा दाबून धरला. भिजलेले खाली टपकत होते. तसाच तो गावातून चालत आला. दारांतून माणसं बघत होती, कुणी हात लावायला आलं नाही. त्यानं अपेक्षाही केली नाही.

वीस फुटी रस्त्याच्या तोंडाशी तो थांबला. रस्ता मोकळा, सरळ, दोन्ही कडांना त्यानं स्वतः लावलेली जास्वंद. दुसरी वाट नव्हती. जुनी गाडीवाट त्यानंच बुजवली होती, होमस्टेच्या पार्किंगसाठी. घरी जायचं तर याच्यावरूनच. त्यानं एक पाय पुढं टाकला आणि मागं घेतला.

मागून पाहुण्यांची गाडी आली. अकराचं चेक-इन होतं. हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. कैलास बापाला हनुवटीखाली धरून रस्त्याच्या कडेला, मातीत उतरला आणि त्यानं गाडीला वाट दिली.